वर्गात उड्या मारायचं किट: पावणेपाच हजारांत काय आलं, काय टिकलं, काय माळ्यावर गेलं

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. नाव घेतलं की विषय किटचा राहत नाही, कंपनीचा होतो, आणि खरं सांगायचं तर मी आत्तापर्यंत असली तीन-चार ब्रोशरं बघितली, आतला माल थोड्याफार फरकाने तोच. खोक्यावर हसणारी गोरीगोमटी पोरं, वर लिहिलेलं 'खेळता खेळता शिका', आणि आत रबर, फोम आणि लॅमिनेशन. तेव्हा हे कुठलंही असलं किट घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी आहे असं समजा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. माझी मिळून १९ पोरं. किट घेतलं मागच्या मार्चमध्ये, आणि मार्चमध्येच का ते शिक्षकांना समजावायला नको. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून क्रीडा अनुदान येतं ना, प्राथमिक शाळेला वर्षाचे ५ हजार (उच्च प्राथमिकला १० आणि माध्यमिकला २५ पर्यंत), ते आमच्याकडे आलं वर्ष संपता संपता आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा. दरवर्षी आम्ही तेच घेतो, दोन फुटबॉल, रिंगा, दोऱ्या, एक बॅट जी जूनपर्यंत फुटते. या वेळी शाळा व्यवस्थापन समितीत मीच विषय काढला की बाहेरच्या खेळाचं सामान चार महिने कपाटात पडून राहतं, त्यापेक्षा वर्गात वापरता येईल असं काहीतरी घेऊ. किट जीएसटी धरून ४,७५० ला बसलं, पक्कं बिल मिळालं, पोचायला नऊ दिवस लागले. इथपर्यंत तक्रार नाही.

चार महिने म्हणाले ते पावसाचे. घाटावरच्या लोकांना हे कळत नाही, मलाही बदली होऊन येईपर्यंत कळलं नव्हतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर शेवाळ, पोरगं पाय ठेवेल तिथून घसरत जातं. म्हणजे पंधरा जूनला शाळा उघडते त्या दिवसापासून पीटीचा तास वर्गातच. आणि वर्गातला पीटीचा तास म्हणजे काय तर हाताची घडी तोंडावर बोट, नाहीतर गोष्ट सांगा. त्यात दुपारची खिचडी. एकदा पोटात गरम खिचडी गेली, बाहेर धो-धो पाऊस, कौलांवरचा तो एकसुरी आवाज, वर्गात अंधार, की पहिलीची पोरं बसल्या जागी माना टाकायला लागतात. दोनचा तास मी पाच वर्षं असा काढलाय की शिकवणारी मी एकटीच जागी. तर किट घेण्यामागे माझा हेतू एवढाच होता, दोन ते सव्वादोनमध्ये पोरं जागी करायची. बुद्धीबिद्धी वाढवायची मला घाई नव्हती.

आता खोक्यात काय काय आलं. फोमचे मोठे फासे २, रबरी गोल चकत्या १२ (पायाखाली ठेवायच्या), धान्याच्या पुरचुंडीएवढ्या कापडी पिशव्या १०, शून्य ते वीस आकडे छापलेली लांब प्लास्टिकची चटई, ६० कार्डं, शिक्षकांसाठी एक पुस्तिका आणि क्यूआर कोडचा कागद.

सगळ्यात आधी फासे, कारण सगळ्यात भारी तेच निघाले. वीतभर लांबी-रुंदी-उंचीचे फोमचे ठोकळे, सहाही बाजूंना पारदर्शक खिसा, त्यात तुम्ही हवा तो कागद सरकवायचा. बास, एवढंच. पण हा खिसा ज्याने काढला त्याने वर्गात नक्की शिकवलेलं असणार. मी एका फाश्यात क्रिया घातल्या, लंगडी, बेडूकउडी, टाळी, गिरकी, उठाबशा, जागच्या जागी पळणं, आणि दुसऱ्यात रोज बदलणारं काहीही, आज बाराखडी, उद्या बेरजा, परवा परिसर अभ्यासातली झाडं. एकाने दोन्ही फासे टाकायचे, समजा 'बेडूकउडी' आणि 'की' आलं तर 'की' वरून सुरू होणारे शब्द सांगत सगळ्यांनी तेवढ्या बेडूकउड्या मारायच्या. किडा, नाही नाही तो 'कि', मग कीर्तन, कीटक, कीस. ऱ्हस्व-दीर्घावरनं पहिलीच्या पोरांनी आपसात भांडण केलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, कारण चुकीचा शब्द सांगितला तर ती उडी धरायची नाही असा नियम पोरांनीच काढला. जून ते आत्तापर्यंत फासा रोज निघतो. नाही काढला तर दोन वाजता कुणीतरी विचारतंच, "बाई, आज फासा नाय?"

मग चटई. ब्रोशरच्या कव्हरवर हीच होती आणि माझी सगळ्यात जास्त आशाही हिच्यावरच होती. शून्यापासून वीसपर्यंत घरं, पोरानं सातवर उभं राहायचं, पाच उड्या पुढे, बारावर पोचलं. वजाबाकीला उलटं यायचं. कल्पना उत्तम, मुलाच्या पायाला कळतं की बेरीज म्हणजे पुढे जाणं. पण ही चटई बनवणाऱ्याने ओली फरशी पाहिलेली नाही. आमच्याकडे पावसात लादीला घाम येतो, अक्षरशः, वर पोरांच्या छत्र्या आणि रेनकोटांचं गळणारं पाणी. दुसऱ्याच दिवशी एक पोरगी अकरावर उडी मारायला गेली आणि चटईसकट कपाटापर्यंत गेली. लागलं नाही फार, बुडावर पडली, रडण्याआधी हसलीच, पण माझ्या काळजाचं पाणी झालं. दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून बघितली, ओलीत टेप टिकत नाही. कंपनीला फोन केला तर समोरची मुलगी म्हणाली मॅडम कोरड्या पृष्ठभागावर वापरा. अगं बाई, कोरडा पृष्ठभाग दिवाळीनंतर मिळेल.

शेवटी मी ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश आणला, ३४० रुपये, सरांनी आणि मी एका रविवारी फरशीवरच शून्य ते पन्नास घरं रंगवली. भर पावसात, खाली शेगडी ठेवून लादी वाळवत, कसली अवदसा आठवली होती कोण जाणे. पण अजून आहे ती रेष. आणि यात नवीन काही नाही बरं का, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या विचाराच्या, काळात फरश्या रंगवून ठेवल्याच होत्या, राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला जायचे, आम्हीही गेलो होतो, फोटो काढले, परत आलो, आणि मग फरशी रंगवायच्या ऐवजी प्लास्टिकची चटई विकत घेतली. असो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी जी किटात नाही पण किटामुळे सुचली. दुसरीला दशक-एकक शिकवणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी शिकवलंय त्यांना विचारा. मराठीत तर आणखी घोळ, 'एकोणतीस' ऐकलं की पोरगं ३१ लिहितं, कारण त्याला एक आणि तीस एवढंच ऐकू येतं. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने 'वीस तीन', 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, अगदी विधानसभेत थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एकदा दुसरीच्या वर्गात उभं राहावं. तर मी काय केलं, शतक म्हणजे उडी, दशक म्हणजे टाळी, एकक म्हणजे चुटकी. मी म्हणायचं दोनशे पस्तीस, पोरांनी दोन उड्या, तीन टाळ्या, पाच चुटक्या. एकोणतीस म्हणजे दोन टाळ्या आणि नऊ चुटक्या, नऊ चुटक्या वाजवता वाजवता बोटं दुखतात तेव्हा पोरांना आपणहून वाटतं की एक चुटकी अजून वाजवली असती तर एका टाळीत काम झालं असतं. हे वाक्य माझं नाही, दुसरीतल्या एका मुलाचं आहे, मी फक्त जरा नीट करून लिहिलं. दोनशे पाच सांगितल्यावर दोन उड्या मारून सगळे टाळीच्या जागी एक क्षण थांबतात, हात उघडे, टाळी नाही, मग चुटक्या. तो शून्य. मी अकरा वर्षं शून्याची जागा फळ्यावर शिकवतेय, इतकी स्वच्छ कधी दिसली नव्हती. याला खर्च शून्य रुपये.

कार्डांबद्दल फार लिहीत नाही. ६० कार्डं, जाड, लॅमिनेशन चांगलं, चित्रं छान, पण मराठी असं की वाचून पोरांपेक्षा मीच जास्त हसले. 'हवेत खुर्ची बसा.' 'आपल्या स्वतःच्या गुडघ्याला पर्यायी स्पर्श करा.' 'कोळी चाल करा', यावर एका पोराने लगेच खांद्यावर जाळं टाकून डोलत चालून दाखवलं, कारण आमच्याकडे कोळी म्हणजे आधी मासे मारणारा, जाळ्यातला किडा नंतर. मला त्याचीच चाल जास्त आवडली, तीच ठेवली. पेंग्विनसारखं चालणं आहे, ध्रुवीय अस्वलासारखं आहे, खेकड्यासारखं मात्र नाही, आणि खेकडा पोरांनी रोज व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पकडलेला असतो. मी साठातली वीसेक कार्डं ठेवली, बाकीच्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने आमचं लिहिलं: भात लावणं, गोफण फिरवणं, विहिरीतून पाणी शेंदणं, वल्हं मारणं, आंबे काढायचा घळ वर धरणं. भात लावण्याच्या कार्डाला पोरं खरंच कंबरेत वाकून मागे मागे सरकत जातात, लावणी मागे सरकतच करतात ना. मला चुकून पुढे जाताना बघून मला शिकवलंन एकीनं.

आता शिक्षक पुस्तिका. इथे माझं डोकं फिरलं. पहिल्याच पानावर, या उपक्रमांनी डावा आणि उजवा मेंदू जोडला जातो आणि गुण 'निश्चित' वाढतात. पुढे गळ्याच्या हाडाखाली दोन बोटांनी चोळायला सांगितलंय, ती म्हणे मेंदूची बटणं. हे कुठून आलं ते मला माहीत होतं, कारण डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, एका प्रशिक्षणात एका मॅडमनी यावर अख्खा तास घेतला होता. कॅलिफोर्नियातल्या डेनिसन दांपत्याने ऐंशीच्या दशकात काढलेला ब्रेन जिम नावाचा प्रकार आहे तो, जगभर शाळांत पसरला, आणि २००८ मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर सांगितलं की या बटणांच्या गोष्टींना शास्त्रीय आधार नाही. हालचाल चांगली, तिच्यामागचं स्पष्टीकरण भंपक, असा मामला. उठाबशांचंही तेच चाललंय हल्ली. आमच्या लहानपणी कान धरून उठाबशा ही शिक्षा होती, आता तीच मेंदूचा योग म्हणून इंग्रजी नावाने परत आलीये. मी काढते उठाबशा, पण मांड्यांसाठी, आणि कान न धरता. कान धरले की पोरांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

आणि गुण 'निश्चित' वाढण्याचं म्हणाल तर त्याच मॅडमनी अमेरिकेतल्या कॅन्सासच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, मग मी घरी मोबाईलवर शोधून वाचलं. २००३ पासून तीन वर्षं २४ शाळा घेऊन त्यातल्या काहींमध्ये त्यांनी हेच केलं, बाकीच्या नेहमीसारख्या ठेवल्या, वेगळा पीटीचा तास नाही, गणित-भाषा शिकवतानाच पोरं हलवायची, आठवड्याला ९० मिनिटं हे लक्ष्य. सगळा हिशेब झाल्यावर पोरांच्या वजन-उंचीच्या प्रमाणात दोन गटांत एकंदर मोठा फरक नाही निघाला, पण ज्या शाळांनी खरंच आठवड्याला ७५ मिनिटं किंवा जास्त केलं तिथे ते प्रमाण कमी वाढलं. त्याच मंडळींनी नंतर पुन्हा तीन वर्षांचा प्रयोग खास गुणांसाठी केला, त्यात गुण वाढले नाहीत. पण कमीही झाले नाहीत, आणि माझ्या दृष्टीने खरी बातमी ही आहे, कारण आमच्याकडे सगळ्यांची भीती हीच की उड्यांत वेळ गेला तर निपुण भारतच्या, म्हणजे पोरांना लिहिता-वाचता, आकडेमोड येते का बघायच्या सरकारी चाचणीचं काय. वेळ वाया जात नाही, एवढं सांगितलं असतं पुस्तिकेत तरी पुरे होतं. उगाच निश्चित-बिश्चित कशाला. त्यांच्या पहिल्या प्रयोगात आणखी एक होतं, ज्या वर्गांत शिक्षक स्वतः हालचाल करत होते तिथली पोरंही जास्त हलत होती. हे मात्र मी शंभर टक्के मान्य करते. मी खुर्चीत बसून 'मारा उड्या' म्हटलं की तिसऱ्या उडीला वर्ग गळतो. मी पदर खोचून उतरले की एकही जण थांबत नाही.

आणि हो, म्हणून एकदा पंचाईत पण झाली. मी पदर खोचून लंगडी घालत विषम संख्या म्हणत होते, एक, तीन, पाच, सात, आणि दारात केंद्रप्रमुख, आसपासच्या शाळा तपासणारे साहेब. न सांगता आलेले. मी एका पायावर. पोरं एका पायावर. कुणी पाय खाली टेकवेना कारण टेकवला की आऊट. साहेब दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "यात अध्ययन निष्पत्ती कुठली?" म्हणजे पोरं यातून नेमकं शिकतात काय. मी म्हटलं सर, तुम्हीच विचारा. त्यांनी एका पोराला विचारलं सतरा सम का विषम, ते म्हणालं, "लंगडी". म्हणजे विषम. विषमला लंगडी, समला दोन्ही पाय, हे आमचं ठरलेलं, पण साहेबांना काय माहीत. समजावून सांगेपर्यंत मला घाम. शेरेबुकात मात्र चांगलं लिहून गेले.

क्यूआर कोडचे व्हिडिओ आमच्या कामाचे नाहीत. नेट गावात यायचं तर शाळेच्या मागच्या काजूपाशी येतं, वर्गात नाही. घरून डाउनलोड करून आणले तर हिंदीत आणि एक पाच मिनिटांचा, त्यात दोन मिनिटं कंपनीचीच ओळख. तसं व्हिडिओच पाहिजे असेल तर गोनूडल नावाची अमेरिकन साईट आहे, टेनेसीतल्या नॅशव्हिलची, २०१३ पासून चालू, खास वर्गात हालचाल करायचेच व्हिडिओ, आणि शिक्षकांना फुकट. ग्रामपंचायतीने दिलेल्या टीव्हीवर मी दोन दाखवले. इंग्रजीत आहेत हा काही त्यांचा दोष नाही, पोरांना ताल आवडला. पण मला जाणवलं की पडद्यावर काही चालू झालं की निम्मी पोरं हलायची थांबून बघतच बसतात, तोंड उघडं टाकून. मोठ्या शहरातल्या, रोज स्क्रीन बघणाऱ्या पोरांचं वेगळं होत असेल. शिवाय लाईट. जूनमध्ये लाईटवर अवलंबून कुठलाच पाठ आखू नये.

कापडी पिशव्या चांगल्या होत्या, होत्या म्हणते कारण ऑगस्टपर्यंत सगळ्यांवर बुरशी. डोक्यावर ठेवून चालायचं, पाडायची नाही, एकमेकांकडे फेकत पाढा म्हणायचा, यासाठी मस्त. एक फुटली तर आतून प्लास्टिकचे मणी सगळ्या वर्गभर, पहिलीतल्या एकाने नाकात घालायच्या आत मी गोळा केले. मग अंगणवाडीच्या ताईंनी जुन्या साडीच्या दहा पिशव्या शिवून दिल्या, आत चिंचोके. तांदूळ भरणार होतो पण उंदरांची चंगळ झाली असती. चिंचोक्याच्या पिशवीला आवाजही छान येतो, झेलली की खुळ्ळ. बारा चकत्यांचं म्हणाल तर १९ पोरांत १२ चकत्या म्हणजे रोजचं भांडण, यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही. खडूचा गोल काढा.

एका गोष्टीचा मात्र मला खरंच राग आला. माझ्या वर्गात एक मूल आहे ज्याला उड्या मारता येत नाहीत, पायाला जन्मापासून अडचण आहे. पुस्तिकेत अशा मुलांसाठी एकच ओळ, 'निरीक्षक किंवा गुणलेखक म्हणून बसवावे.' पहिले दोन दिवस मी तसंच केलं, फासा त्याच्याकडे दिला, वाटलं मान दिला आपण. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला मला फासा नको. मग डोक्यात प्रकाश पडला की जो खेळ त्याला जमत नाही तो त्याच्यासाठी कमी करत बसण्यापेक्षा सगळ्यांनीच बसून खेळायचा. आठवड्यातले दोन दिवस आमचे बसून खेळायचे, पाय वापरायचेच नाहीत, हात, मान, कंबर, खांदे. त्यात तो सगळ्यांना हरवतो, कारण त्याच्या हातात जोर आहे. आणि उरलेले दिवस दशकाच्या टाळ्या आणि एककाच्या चुटक्या त्याच्या, शतकाला तो जमिनीवर दोन्ही हात आपटतो, इतक्या जोरात की आता काही पोरं पण उडीऐवजी तेच करतात.

आवाजाचं राहिलं. आमच्या दोन वर्गांमध्ये फळ्यांचं पार्टिशन आहे, पलीकडे सरांचा परिसर अभ्यास चालू आणि इकडे १९ बेडूक. पहिल्या आठवड्यात सर काही बोलले नाहीत पण दार जरा जोरात लावायला लागले. मग आम्ही ठरवलं, दोन ते सव्वादोन दोन्हीकडे एकदमच. आता तिकडे ते तिसरी-चौथीला 'शिवाजी म्हणतो' घेतात, दिशा शिकवायला. शिवाजी म्हणतो ईशान्येला तोंड करा. चौथीची पोरं ईशान्य-आग्नेयात गोंधळायची बंद झाली, हे सर स्वतः सांगतात, आणि सर सहसा कशाचं कौतुक करत नाहीत.

तळ्यात-मळ्यात तर या सगळ्याचा बाप आहे आणि ते किटाच्या साठ कार्डांत कुठेही नाही याचं मला नवल वाटतं. एक रेघ, खडूची. इकडे तळं, तिकडे मळा. तळ्यात नाम, मळ्यात क्रियापद. 'पाऊस', तळ्यात. 'पडतो', मळ्यात. 'खेळ', आणि अर्धी पोरं तळ्यात अर्धी मळ्यात, आणि दोन्ही बरोबर! ते समजावताना मलाच मजा आली. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, नंतर कोसबाडला, गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली, पोरं जिथे हलतात तिथे शाळा न्यायची हा विचार त्यांनी तेव्हा केला होता. डीएडला आम्ही ते पाठ करून पाच मार्कांना लिहिलं होतं. वर्गात करायला मला मात्र ४,७५० रुपयांचं खोकं यावं लागलं, हे माझंच मला हसू येतं.

शहरातल्यांसाठी वेगळं सांगते, कारण माझी नणंद ठाण्यात खासगी शाळेत शिकवते आणि तिच्या शाळेने असंच, जरा महाग किट घेतलं. तिच्या वर्गात ४८ पोरं, जोडबाकं, दोन बाकांमध्ये माणूस आडवा होऊनच जातो. चटई उघडायला जागाच नाही, ती अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहे. फासा मात्र तीही वापरते, पोरं बाकाच्या बाजूला उभी राहून जागच्या जागी करतात. ती म्हणते तिच्या पोरांना याची माझ्या पोरांपेक्षा जास्त गरज आहे, आणि ते खरंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल करावी. माझी पोरं ती शाळेत येता-जाताच करतात, कुणी दोन किलोमीटर चढण चढून येतं, घरी गेली की झाडावर. तिची पोरं व्हॅनमधून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून सोफ्यावर. माझ्या पोरांना प्रश्न हालचालीचा नाहीच, पाच तास एका जागी बसवून ठेवण्याचा आहे. वर्गातल्या दहा-पंधरा मिनिटांनी ६० होत नाहीत, कुणी तसं सांगून किट विकत असेल तर ऐकू नका.

नणंदेनेच मला स्कॉटलंडच्या त्या डेली माईलबद्दल सांगितलं, स्टर्लिंगमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने २०१२ मध्ये सुरू केलेलं, रोज १५ मिनिटं पोरांना आहे त्या कपड्यांवर बाहेर पळवायचं, काही सामान नाही, पावसातसुद्धा. मी म्हटलं स्कॉटलंडचा पाऊस आमच्या आषाढापुढे म्हणजे दव. पण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत आम्हीही करू शकतो, हे खरं. शनिवारी दप्तराविना उपक्रम घ्यायचा 'आनंददायी शनिवार' २०२४-२५ पासून चालू झालाय तर शनिवारी करूच, असं सरांनी आणि मी ठरवलंय, बघू.

पालकांपैकी एका आजींनी विचारलं की नात घरी येऊन टाळ्या-चुटक्या वाजवत बसते, शाळेत भजन शिकवता काय. मी म्हटलं तिला विचारा किती झाले. नात म्हणाली, "एकशे चोवीस, आज्ये." आजी गप्प.

तर पाचपैकी किती? मी ३ देईन. त्यातला दीड एकट्या फाश्यांचा, अर्धा कार्डांच्या कोऱ्या बाजूचा, अर्धा पिशव्यांच्या कल्पनेचा, आणि अर्धा यासाठी की खोकं आलं म्हणून आम्ही दोन ते सव्वादोन वेळापत्रकात पेनाने लिहिलं. पुस्तिकेला शून्य. चटई सध्या पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांखाली अंथरलीये, ओल लागू नये म्हणून, आणि तिथे ती खरंच उत्तम काम करते. कोरडवाहू भागात, मोकळा हॉल असलेल्यांनी घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी फोमचे खिसेवाले दोन फासे मिळतात का बघा, आणि उरलेल्या पैशात खडू, दोरी, ऑइलपेंट.

फासे सुटे मिळतील का म्हणून मी मागच्या आठवड्यात कंपनीला फोन केला होता, कारण एकाचा कोपरा फाटून स्पंज बाहेर आलाय आणि पोरं येता-जाता तो कुरतडतात. तीच मुलगी होती. म्हणाली, सुटे नाही मॅडम, पूर्ण किट घ्यावं लागेल. अंगणवाडीच्या ताईंकडे अजून एक जुनी साडी आहे म्हणे, हिरवी, जरीकाठाची. उद्या फासा घेऊन जातेय त्यांच्याकडे.